जत्रेतल्या रात्रीसाठी ‘फास्ट’ लेन्स

प्रश्न : माझे मामा बरीच वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट करतात. गुडघे दुखतात, त्यामुळे हा बहुतेक शेवटचा हंगाम, असं ते म्हणू लागले आहेत. त्यांचे चांगले फोटो असावेत म्हणून मी एक सेकंडहँड डीएसएलआर घेतला. सोबत १८-५५ची किट लेन्स आहे. जत्रेत रात्री काढलेले फोटो एकतर काळपट येतात, नाहीतर हललेले. झूम केलं की आणखी वाईट. चार फोटो सोबत पाठवतो आहे. फ्लॅश मारून पाहिला, तर मामा चिडले. मुंबईतला मित्र म्हणतो, ‘फास्ट लेन्स घे, एफ/१.८ वाली.’ फास्ट म्हणजे फोकस लवकर करणारी का? आकडा लहान आणि भोक मोठं, हे असं उलटं का? माझ्या फोनवरही एफ/१.८ असंच आहे, मग फरक काय? लेन्सवर पैसे घालावेत की नाही, ते स्पष्ट सांगा.
(एक वाचक, जि. सिंधुदुर्ग)

नमस्कार.

आधी फ्लॅशचं सांगतो, कारण तिथे मामांचं बरोबर आहे. रात्री दीड-दोन वाजता, मंद उजेडाला सरावलेल्या डोळ्यांवर समोरून लखकन् फ्लॅश पडला की पुढचे काही क्षण नटाला धड दिसत नाही. आणि दशावतारात संवाद कुणी लिहून दिलेले नसतात. समोरच्या पात्राकडे बघत ते तिथल्या तिथे रचायचे असतात. शिवाय फ्लॅश चेहरा सपाट करून टाकतो. मामांनी आरशासमोर बसून कोरलेल्या भुवया, गालांवर उतरवलेला रंग, नथीची सावली, सगळं पुसलं जाऊन एक पांढरा थापा उरतो. तेव्हा फ्लॅश बंद तो बंदच. जत्रेत जो उजेड आहे, त्यातच काम करायचं.

कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलीत आकडे नोंदवून ठेवतो, तुमच्या फोटोंमधले ते मी पाहिले. सर्वांत वाईट म्हणून जो पाठवलात, त्यात लेन्स ५५वर आहे, अॅपर्चर एफ/५.६, शटर १/२० सेकंद, आयएसओ (मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून घेतो, तो आकडा) ३२००. सेकंदाचा विसावा भाग आपल्याला थोडा वाटतो, पण तेवढ्यात माणूस मान वळवतो, हात उचलतो, पदर सावरतो. त्या सगळ्या हालचालीचा एक पुसट पट्टा फोटोत उमटतो. तुमचा हातही तेवढ्यात किंचित हललेला असतोच. म्हणजे दुखणं एकच आहे : लेन्समधून उजेड कमी येतोय, म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतोय.

आता हा उजेड कुठून आणि किती येतो, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लेन्सच्या पोटात पातळ पात्यांचं एक कडं असतं. ती पाती एकमेकांवर सरकली की मधलं भोक लहान-मोठं होतं. तेच अॅपर्चर. कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवा, अॅपर्चर एफ/१६ करा, शटर दोन सेकंद. कॅमेरा स्वतःकडे वळवून लेन्सच्या तोंडात डोकावत बटण दाबा. पाती मिटून मधे एक बारीकसं भोक राहिलेलं दिसेल आणि दोन सेकंदांनी पुन्हा उघडेल. मग लेन्स १८वर आणून एफ/३.५ ठेवा आणि तेच पुन्हा करा. पाती हलणारच नाहीत, भोक सताड उघडं राहील. हे दोनदा पाहिलंत की अॅपर्चर हा शब्द पुन्हा कधी परका वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात ही सरकणारी पाती सगळ्या लेन्समध्ये नसायची. १८५८ साली जॉन वॉटरहाऊस यांनी वेगवेगळ्या मापांची भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या सुचवल्या. लेन्सच्या नळीला खाच असायची, त्यात हवी ती पट्टी खुपसायची. आज बोटाच्या एका वळशानं होतं, ते काम तेव्हा खिशात पट्ट्या बाळगून करावं लागे.

आकडा उलटा का, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आहे. बहुतेक नवशिके इथे पाठांतर करतात आणि मग आयुष्यभर गोंधळतात. पाठ करू नका. एफ/५.६ हा आकडा नव्हे, तो भागाकार आहे. एफ म्हणजे लेन्सची फोकल लांबी (लेन्सवरचे १८, ५५ हे मिलिमीटरचे आकडे तिचेच), मधली रेघ भागिले, आणि खालची संख्या म्हणजे किती भागांनी भागायचं. कोकणातल्या माणसाला सातबाऱ्यावरून हे लगेच कळावं. जमीन तेवढीच, हिस्सेदार दोन असले तर वाट्याला निम्मी, सोळा असले तर एक पट्टी. खालचा आकडा म्हणजे हिस्सेदार. ते वाढले की भोक बारीक होणार. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १.८नं भागा, साधारण २८ मिलिमीटर येतात. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. म्हणजे मित्र सांगतोय त्या लेन्समध्ये जवळजवळ दहाच्या नाण्याएवढी खिडकी आहे. तुमच्या किट लेन्सचं ५५वर गणित करा : ५५ भागिले ५.६, दहा मिलिमीटरच्या आतच. सदऱ्याचं बटण.

आता जरा थांबून १८वरचं गणितही करून बघा, कारण त्यात एक गंमत आहे. १८ भागिले ३.५ म्हणजे फक्त पाच मिलिमीटर, मिरीच्या दाण्याएवढं भोक. म्हणजे ५५वर भोक दुप्पट रुंद आहे, तरी फोटो मात्र काळा. असं कसं?

जुन्या कौलारू घराचं माजघर आठवा. खिडकी एकच, बेताची. खोली उथळ असेल तर समोरच्या भिंतीवर बऱ्यापैकी उजेड पडतो. तीच खिडकी लांबच लांब खोलीला असली तर पलीकडच्या भिंतीशी भरदुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी तेवढीच, पण भिंत लांब गेली. झूम करता तेव्हा तेच होतं. फोकल लांबी वाढते, म्हणजे खोली खोल होते, आणि सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपच्या, भिंतीवरचा उजेड पातळ होतो. तेवढाच उजेड टिकवायचा तर खोलीच्या लांबीबरोबर खिडकीही त्याच प्रमाणात मोठी व्हायला हवी. तुमच्या लेन्सची खिडकी वाढते, पण पुरेशी वाढत नाही. नुसत्या भोकाचं माप सांगून म्हणूनच भागत नाही. भोक आणि लांबी यांचं नातं सांगावं लागतं, आणि ते नातं म्हणजे एफ नंबर. त्याचा मोठा फायदा असा की लेन्स कुठलीही असो, लहान असो की हातभर लांब, एफ/४ म्हणजे सेन्सरवर जवळपास सारखाच उजेड. लेन्सच्या पुढच्या कडेवर १:३.५-५.६ असं कोरलेलं सापडेल. त्याचा अर्थ एवढाच, की ही लेन्स १८वर जास्तीत जास्त ३.५पर्यंत उघडते आणि ५५वर ५.६पर्यंतच. झूम केल्यावर फोटो बिघडतात ते यामुळे. तुमचा हात किंवा नजर त्याला जबाबदार नाही.

अॅपर्चरचे आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे का जातात, तेही याच ओघात सांगतो. भोक गोल असतं आणि गोलाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. त्यामुळे उजेड दुप्पट करायला व्यास दुप्पट करावा लागत नाही, १.४ पट केला की झालं. म्हणून या रांगेत शेजारचा आकडा १.४ पट आहे आणि दर पायरीला उजेड निम्मा होत जातो. एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. लक्षात ठेवायला सोपं : १ आणि १.४ एवढेच घ्या आणि एकाआड एक दुप्पट करत जा. ५.६ आणि १.८ यांच्यात तीन स्टॉपहून थोडं जास्त अंतर आहे. आकडेमोड केली तर जवळजवळ दहापट उजेड येतो. दहापट! तुमच्या त्याच फोटोत, त्याच आयएसओवर, १/२० ऐवजी १/२०० मिळालं असतं. मामांची मान वळता वळता थांबली असती आणि नथीचा मोती मोत्यासारखा दिसला असता.

‘फास्ट’चा अर्थ आता तुमच्याच तोंडून यायला हवा. लेन्स जास्त उजेड आत घेते, म्हणून शटर जलद ठेवता येतं, म्हणून लेन्स फास्ट. एवढाच. फोकसच्या वेगाशी या शब्दाचा काही संबंध नाही. उलट स्वस्तातल्या एफ/१.८ लेन्सची फोकसची मोटर पुष्कळदा मंदच असते, आणि अंधारात ती पुढे-मागे चाचपडतेही. दुकानात कुणी ‘फास्ट आहे, पटकन फोकस होतो’ असं एका दमात सांगितलं तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत, हे ओळखा.

हा शब्द समजायला फोटोग्राफीच्या पहिल्या दिवसांत जावं लागतं. १८३९मध्ये डगेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची, पद्धत जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्स एफ/१५च्या आसपासच्या होत्या. उन्हात बसवलेल्या माणसाला मिनिटं-मिनिटं हलू द्यायचे नाहीत. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४०मध्ये हिशेब मांडून जवळजवळ एफ/३.६ची लेन्स आखली. फोग्टलेंडर यांनी ती घडवली. उजेड पंधरा-वीसपट वाढला आणि माणसाचा चेहरा काढणं हा खरोखर धंदा होऊ शकला. पुढे १९२४मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला एर्नेमान कंपनीचा एर्मानॉक्स हा कॅमेरा आला. त्याची लेन्स लुडविग बेर्टेले यांची, एफ/२. तो घेऊन छायाचित्रकार एरिक सॉलोमन न्यायालयांत आणि मुत्सद्द्यांच्या रात्रीच्या बैठकांत शिरले. फ्लॅश नाही, समोरच्याला पत्ता नाही, बल्बच्या उजेडात बोलणारी, पेंगणारी, कान देऊन ऐकणारी माणसं त्यांनी टिपली. मला सॉलोमन यांची आठवण तुमच्या पत्रामुळे आली. देवळाच्या आवारात बसून, कुणाला न दिपवता, मामांना त्यांच्या कामात असताना पकडायचं, हे त्याच जातीचं काम आहे.

आता फोन. फोनवरचा एफ/१.८ खोटा नाही. पण फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लांबी सहा-सात मिलिमीटरच्या घरात असते. तिला १.८नं भागा. भोक येतं तीन-चार मिलिमीटरचं, मोहरीहून मोठं, मिरीहून लहान. खोलीही तशीच इवलीशी, त्यामुळे भिंतीवरचा उजेड इंचाइंचाला सारखाच पडतो, मात्र भिंतच नखाएवढी आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोट्या टपाल तिकिटाएवढा. एकूण गोळा झालेला उजेड कितीतरी पट जास्त, म्हणून अंधारातला चेहरा त्यात कमी दाणेदार येतो. फोन ही तूट भरून काढायला लागोपाठ बरेच फोटो काढून एकमेकांवर बसवतो. मूर्ती किंवा दीपमाळ असेल तर ते छान जमतं. संकासुर उड्या मारत असला की काजळासारखं फासटतं. आणि फोनमधली मागची धूसरता बहुतेक वेळा हिशेबानं काढलेली असते, म्हणून मुकुटाच्या कडा आणि सुटलेले केस मधेच कापल्यासारखे दिसतात.

तर, लेन्स घ्यावी का? घ्या. ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या, सेकंडहँड मिळाली तरी चालेल. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या यादीत ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि पिशवीत टाकल्याचं जाणवतही नाही. एफ/१.४च्या नादाला लागू नका. उजेड दीडपटीहून थोडा जास्त मिळतो, पैसे मात्र कितीतरी पट. ७०-२०० एफ/२.८ची ती जाडजूड लेन्स बातमीदारांच्या खांद्यावर बघून मोहात पडू नका. ती उत्तम आहे, पण दीड किलोच्या घरात आहे, आणि तुमची छोटीशी १.८ तिच्या जवळजवळ अडीचपट उजेड घेते. मोठी काच म्हणजे फास्ट लेन्स हा समज त्या लेन्समुळेच पसरतो. २०० मिलिमीटरला २.८नं भागलं की सत्तरेक मिलिमीटरचं भोक लागतं, म्हणून ती काच एवढी अवाढव्य. लांबी जास्त, म्हणून खिडकी मोठी. उजेड त्यामानानं कमीच.

५०ला झूम नाही, पुढे-मागे चालावं लागतं. तुमच्या कॅमेऱ्यावर, उभा धरून, पाच मीटरवरून मुकुटासकट अख्खं पात्र मावतं. दशावताराचा मंच कुठे फार दूर असतो? पोरं पुढ्यात बसतात, त्यांच्या बाजूला खांबाला टेकून जागा धरा. एक काळजी घ्या : निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर त्याच्या अंगात फोकसची मोटर नसते. जुनी ‘एएफ-डी’ ५० त्यावर बसेल, पण ऑटोफोकस होणार नाही. ‘एएफ-एस’ बघून घ्या, तिची मोटर लेन्समध्येच असते. कॅननच्या डीएसएलआरवर ईएफची कुठलीही ५० चालते.

आणि लेन्स पारखताना बुरशी बघा. हे मी कळकळीनं सांगतोय. पहिल्यांदा रत्नागिरीला राहायला गेलो, तेव्हा माझ्याकडे एक जुनी ५० होती, पहिल्या पगारातून घेतलेली. पावसाळाभर ती चामड्याच्या केसमध्ये कपाटात ठेवली. गणपतीला काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. साफ करून घेतली, पण काचेवरचा थर खाल्ला गेला होता. दिव्याकडे धरली की फोटोवर धुकं यायचं. त्या लेन्सनं काढलेले आईचे फोटो आहेत माझ्याकडे, म्हणून टाकवत नाही, वापरताही येत नाही. तेव्हा लेन्स दोन्ही बाजूंनी टॉर्चच्या उजेडात बघा, तंतू किंवा पांढुरके ठिपके दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत करा. घेतल्यावर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला. चामड्याची केस कोकणात लेन्सची शत्रू आहे.

लेन्स येईपर्यंत हात बांधून बसू नका. किट लेन्स १८वर ठेवा, झूमची कडी चिकटपट्टीनं बांधून टाका हवं तर, आणि पुढे सरका. एफ/३.५वर तुम्हाला १/२० ऐवजी १/५० मिळेल, फुकट. संवाद संपल्यावर पात्र क्षणभर थांबतं, समोरच्याचं ऐकत असतं, तेव्हा बटण दाबा. लेन्सवर हाताचा थरकाप कमी करणारी सोय असेल तर चालू ठेवा, पण तिच्यावर फार विसंबू नका. ती तुमचा हात सावरते, मामांची मान थांबवू शकत नाही.

मोठ्या भोकाची एक किंमत असते, ती आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नवी लेन्स आल्यावर पहिल्याच रात्री निराश व्हाल. भोक जितकं मोठं, तितकी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी कमी. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ/१.८, दोन मीटरवरून : जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर स्पष्ट. एक मीटरवरून : तीन सेंटिमीटरच्याही आत. डोळा स्पष्ट आणि नथ धूसर, असं होऊ शकतं. पाच मीटरवरून मात्र सत्तरेक सेंटिमीटर मिळतात, तिथे पुष्कळ वाव आहे. म्हणून फोकसचे सगळे ठिपके कॅमेऱ्यावर सोडू नका. एकच ठिपका निवडा, बहुतेक डीएसएलआरवर मधला सर्वांत भरवशाचा असतो, आणि तो तुमच्या बाजूच्या डोळ्यावर ठेवा. दोन पात्रं पुढे-मागे उभी असतील आणि दोघंही हवी असतील तर एफ/४पर्यंत मिटा, आयएसओ वाढवा. एकटे मामा असतील तर एफ/२ किंवा २.२ बरा. या स्वस्त लेन्स १.८वर किंचित मऊ, म्हणजे कमी रेखीव असतात, जराशा मिटल्या की काच जणू पुसल्यासारखी होते. दाणे आले तर येऊ द्या. दाणेदार पण स्थिर चेहरा घरातल्या भिंतीवर शोभतो, गुळगुळीत पण हललेला शोभत नाही.

मंचामागे काळोख असतो, हेही लक्षात ठेवा. कॅमेरा त्या काळोखाची सरासरी धरतो आणि चेहरा पांढराफटक करतो, मुकुटाची जरतार तर जळूनच जाते. मॅन्युअलवर जा, चेहरा बरोबर येईल असे आकडे एकदा बसवा आणि मग त्यांना हात लावू नका. मंचावरचा उजेड रात्रभर तोच असतो.

आणखी एक गोष्ट आता जत्रांमध्ये एलईडीचे फ्लडलाइट आले आहेत म्हणून. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/२०० किंवा त्याहून जलद गेलात की फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ आणि पुढचा काळा येतो. तसं दिसलं की १/१००वर या. गणित जमतंही : एफ/१.८, १/१००, आणि आयएसओ ३२०० ऐवजी चक्क १६००. बोलणाऱ्या माणसाला १/१०० पुरतं. युद्धाच्या प्रसंगाला १/२५० तरी लागेल. तेव्हा आयएसओ ६४००, एफ/२.२ करा आणि पट्टे आले तर थोडे सोसा. हॅलोजन असतील तर ही काळजी जवळजवळ नाहीच.

दिवसाच्या फोटोंबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एफ/२२ला ‘सगळं स्पष्ट’ येतं असं कुणी सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नका. फार बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ होतो. देऊळ, पालखी, जत्रेची दुकानं यांना एफ/८ पुरे.

आता माझी एक सूचना. तुमचे चारही फोटो मंचावरचे आहेत. पुढच्या जत्रेला रात्री लवकर, मामांबरोबरच जा. पेटारा उघडायच्या आधी. आत रंगपटात साधारण एखादाच बल्ब टांगलेला असतो आणि प्रत्येक जण आपापल्या हातानं रंग लावत असतो. बल्ब चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, म्हणजे मंचापेक्षा तिथे उजेड जास्त, आणि मामा आरशासमोर बराच वेळ स्थिर बसलेले. मामांची आणि बाकीच्यांचीही परवानगी आधी विचारा. मंचावर सगळ्यांसमोर उभं राहणं वेगळं आणि रंग अर्धा लागलेला असताना कुणी बघणं वेगळं, काहींना ते आवडत नाही. हो म्हणाले तर दीड-दोन मीटरवर बाजूला बसा, ५० मिलिमीटर, एफ/२.८, १/१००, आयएसओ बल्ब बघून. आरशातला चेहरा हवा असेल तर फोकस आरशाच्या काचेवर करू नका, आरशातल्या डोळ्यावर करा. आरशातलं प्रतिबिंब जितकं खोल दिसतं, लेन्सला ते तितकंच दूर असतं. अर्धा चेहरा मामांचा आणि अर्धा रंगून द्रौपदीचा किंवा सीतेचा, असा एक क्षण येईल. शटरचा आवाज होतो, म्हणून तोपर्यंत बटण दाबू नका.

फोटो आले की पाठवा. हललेले असले तरी पाठवा, आकडे त्यातही वाचता येतात.